बाबांच्या मौनात ऐकलेला अल्बम

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू आलं. सिडकोत आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, पण इतकी वर्षं त्या भिंतीतून आवाज एकाच दिशेनं जायचा, आमच्याकडून त्यांच्याकडे. आता तिकडची सून भाजी निवडता निवडता मोबाइलवर कुणाला तरी गाऱ्हाणं सांगायची, ते मला शब्दन् शब्द कळायचं आणि ते कळूच नये असं वाटायचं. कारण ते ऐकू येणं म्हणजे बाबा गप्प असणं.

स्वरतंतूवर गाठ होती. साधी होती, तपासून झालं होतं, जिवाला धोका नव्हता. हे डॉक्टर मॅडमनी आम्हाला नीट समजावलं. पुढचंही तितक्याच नीट सांगितलं: आवाज किती परत येईल, कसा येईल, हे जखम भरून आल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण येतो. "काका, एक शब्दही नाही," त्या म्हणाल्या. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. आईनं माझ्याकडे पाहिलं. हा माणूस हे करणार कसं, हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

बाबा माझ्या जन्माआधीपासून सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर बोलत आलेत. स्वतः एका कारखान्यात होते. युनियन बांधली म्हणून बाहेर काढले गेले आणि मग तेच त्यांचं काम झालं. माईक लावायचा तर परवानगी लागते आणि परवानगी मागितली की ती मिळत नाही, म्हणून बाबा कायम माईकशिवाय बोलले. शिफ्ट सुटते त्या घाईत, ट्रकच्या हॉर्नवरून, घरी जायला बस चुकेल म्हणून निम्मे पुढे निघालेल्या माणसांना थांबवत. गाठ दुसरीकडून कुठून येणार होती?

आणि मी त्यांच्या पत्रकांवर वाढलेली पोरगी. अक्षरं पत्रकांवर शिकले, पाढे पत्रकांच्या घड्या घालताना पाठ केले. पत्रक कसं लिहायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पहिली ओळ चालत्या माणसाला थांबवणारी हवी. विशेषणं कमी. शेवटी मागण्या, आणि त्याखाली कुठे जमायचं ते. 'मी' हा शब्द पत्रकात येत नाही, 'आम्ही' येतो. सगळं लिहून झालं की छापायला देण्याआधी बाबा ते घरात उभे राहून, फाटकावर उभे असल्यासारखं, मोठ्यानं वाचायचे. जिथे त्यांचा श्वास पुरला नाही तिथे वाक्य तोडायचं. कॉलेजात असल्यापासून आमची पत्रकं मी लिहिते, आणि आता लक्षात आलं की माझं प्रत्येक वाक्य बाबांच्या छातीच्या मापाचं आहे. अंबडच्या एका कारखान्यातल्या कंत्राटी पोरांची गेट मीटिंग ठरत होती. पत्रक लिहायला बसले तर एक ओळ सुचेना. वाचणार कोण?

भीती काय होती तर ही. बाबांच्या आवाजाशिवाय बाबा कसे असतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. ते आरशासमोर दाढी करताना तोंड उघडून आत बघत उभे राहायचे. न्हाणीघरात गेले की मी दाराशी कान लावून उभी, आत चोरून काही बोलून तर बघत नाहीत ना. खोकला आला तरी आई हातातलं टाकून धावायची.

एका दुपारी मी माझा फोन उलथापालथा केला. बाबांचं एखादं भाषण कुठे तरी असेल म्हणून. नव्हतं. पत्रकं प्रत्येक वर्षाची होती, कपाटं भरून होती, पण भाषण एकही कुणी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण रेकॉर्ड करतो? फोनवर त्यांचे व्हॉइस मेसेज होते ते एवढेच: "हां, पोचलो." "आईला सांग, जेवून येतो." "ठेव आता." त्या तीन तुकड्यांना मी किती वेळा कान लावला असेल! 'ठेव आता' मधला ठेव जरा घोगरा आहे. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं का?

अशात मनमाडची मैत्रीण आठवली म्हणून तिला फोन केला. आम्ही कॉलेजात एका खोलीवर राहत होतो. रेल्वेतल्या माणसाची मुलगी, सध्या इंग्लंडात शिकते, फावल्या वेळात एका गोदामात काम करते.

"तू काय करतेस तिथे बसून?" तिनं विचारलं.

"ऐकत बसते."

"काय?"

"शेजारणीचं गाऱ्हाणं."

"ए, वेडी होशील. थांब, एक पाठवते. इथल्या चार पोरांचा बँड आहे. पहिलाच अल्बम. सलग ऐक, मध्ये थांबवू नकोस."

"इंग्रजांची गाणी आता बाकी होती माझ्या डोक्याला."

"इंग्रज कसले गं! बंद पडलेल्या गिरण्यांच्या गावातली पोरं आहेत. तू ऐक आणि मग दे शिव्या, पत्रक काढ हवं तर."

मी लावला, शिव्या द्यायच्या तयारीनंच. गाणी ऐकण्याचा मला सराव नव्हता. आमच्याकडे गाणं म्हणजे सभेआधी लोक जमेपर्यंत म्हणायचं ते, डफावर. कॉलेज रोडच्या कॅफेंमध्ये जे हळू आवाजात वाजत असतं त्याचा मला मनापासून राग आहे. ते गाणं नसतं, रूम फ्रेशनर असतो. पण हे तसलं नव्हतं. दोन गिटार एकमेकींशी भांडत होत्या आणि भांडणात दोघींचंही बरोबर होतं. ड्रम वाजवणारा सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे, जणू बस सुटतेय. आणि गाणाऱ्याचा आवाज! गोड नाही, घासलेला. वरच्या पट्टीत गेला की चिरकायचा आणि ते चिरकणं त्यांनी तसंच ठेवलं होतं. मैत्रिणीनं नंतर सांगितलं, भाड्याच्या खोलीत घाईघाईत रेकॉर्ड केलाय, दुसरा निघेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकून मला चक्क हेवा वाटला. विशी-बाविशीची पोरं, आणि त्यांचा आवाज जपून ठेवलेला आहे. चिरकण्यासकट.

शब्द लावायला वेळ लागला. एका गाण्यात गोदामातला एक मुलगा आहे. त्याच्या हातात स्कॅनर आहे आणि तो थांबला की स्कॅनर चुगली करतो. अंबडमध्येही हेच यंत्र आहे, मी त्यावर पत्रक लिहिलंय. दुसऱ्या एकात काम सुटलेला मुलगा आईला न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडतो. मी वाट बघत राहिले, आता कारण सांगतील, आता मागणी येईल. आली नाही. गाणं संपलं, मुलगा डबा घेऊन बागेत बसलेलाच. मला संताप आला. आणि मी ते गाणं परत लावलं.

बाबा दारात येऊन उभे होते. बोलायचं नसल्यामुळे ते उरलेल्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. पुढे 'कामगार बंधू-भगिनींनो' आणि मागे 'चहा', असे कागद घरभर पडलेले असत. त्यांनी लिहिलं: काय म्हणतात?

मी सांगितलं. स्कॅनर, डबा, बाग.

त्यांनी लिहिलं: मागणी?

"काहीच नाही."

मग ओरडतात कशाला?

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं. मी स्पीकर टेबलावर आणला. सलग ऐकायची सूचना आमच्या घरात टिकणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे वाचन असो की भाषण, मुद्दा आला की थांबायचं आणि चर्चा करायची. बाबा बोट वर करायचे, मी थांबवायची. बाबा लिहायचे, मी उत्तर द्यायची. मालक कोण ते का सांगत नाहीत? हा एकटाच का बसलाय, बाकीचे कामगार कुठायत? एक गाणं संपायला अर्धी दुपार लागायची. मग हळूहळू त्यांचं बोट वेगळ्याच जागी वर जायला लागलं. शब्द नसलेल्या जागी. मला कळेना. त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवलं: गाणारा तिथे श्वास घेत होता. घाईत, चोरून, पुढची ओळ गाठायला. आम्ही ती जागा पुन्हा ऐकली. बाबांनी डोळे मिटले आणि त्यांची छातीही त्याच्याबरोबर वर गेली. मी घाबरून स्पीकर बंद केला. श्वास घेतला म्हणजे पुढे आवाज येणार, दुसरं काय?

आई अंगणवाडीतून दुपारी घरी यायची. पहिल्या दिवशी दारातच थांबून ऐकलं.

"हे काय चाललंय?"

"बाबांचं मन रमतंय."

"रमू दे. पण ह्या माणसाला तू वाद घालायला साधन देतेयस, एवढं लक्षात ठेव." मग बाबांकडे वळून, "आणि अहो, तुम्ही. गळ्यातून चकार शब्द निघाला तर माझ्याशी गाठ आहे."

बाबांनी लिहिलं: डॉक्टर परवडल्या.

असे दिवस चालले होते. भीती गेली नव्हती, पण तिला बसायला एक जागा मिळाली होती.

मग दिंडोरीचे काका आले. द्राक्षबागांतल्या मजुरांचं काम करतात, बाबांचे जुने साथी. सोबत द्राक्षांची पेटी आणि चप्पल काढायच्या आधी बोलणं सुरू.

"भाऊ, तुम्ही बोलत नाय तर घर कसं वाटून राह्यलं म्हाइतीये का? टाळेबंदी झाल्यावानी. वहिनी नाय का? बरं झालं. ह्या मौनात वहिनीनं सगळा हिशोब चुकता केला असंल."

बाबांनी हात जोडून छताकडे पाहिलं.

"अंबडची पोरं लय इचारत्यात. भाऊ कधी येता, भाऊ कधी येता. म्या म्हणलं, येतील. येतील ना?"

बाबांनी कागद ओढला, पेन धरलं आणि काहीच लिहिलं नाही. काकांना ते दिसलं. त्यांनी घाईनं माझ्याकडे तोंड फिरवलं. "आन् तू काय लावलंय हे धाडधाड?"

मी सांगितलं, अल्बम आहे, शेवटचं गाणं चालू आहे. आधीच्याच गाण्यांत अडकून राहिल्यामुळे ते गाणं मी आणि बाबांनी अजून ऐकलं नव्हतं. काका बसले, द्राक्षं तोंडात टाकत ऐकू लागले. गाण्याच्या मध्यावर गिटार थांबल्या. नुसता ड्रम राहिला. गाणारा एक ओळ ओरडायचा आणि बाकीचे तिघं तिला ओरडून उत्तर द्यायचे. पुन्हा तो, पुन्हा ते.

"हे तर आपलंच हाय की!" काका म्हणाले. त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. बाबांचाही. माझाही. प्रत्येक वेळी ओरड वर चढत होती. आणि मग गाणाऱ्यानं सगळ्यात वरच्या पट्टीत, चिरकत, ओळ टाकली आणि उत्तर आलंच नाही. त्या पोरांनी ती जागा मोकळी सोडली होती. ड्रमसुद्धा नाही. निव्वळ शांतता.

घोषणेनंतरची मोकळी जागा आमच्यासारख्यांना सहन होत नाही. कुणी 'कामगार एकजुटीचा' म्हणालं आणि समोरून काही आलं नाही तर त्याचा अर्थ सभा पडली. ती जागा भरायची असते. त्यात विचार नसतो, डोळ्याची पापणी लवावी तसं ते होतं.

"विजय असो!"

खोली दणाणली. काका खो खो हसायला लागले, मीही. इंग्रजांच्या गाण्यात विजय असो! हसता हसता मला जाणवलं, आवाज तीन होते.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांची मूठ अजून वर होती.

"भाऊ, तुम्ही बी?" काका कुजबुजले.

बाबांनी जोरजोरात मान हलवली. नाही, मी नाही. इतकी उघड थाप मी त्यांना कधी मारताना पाहिलं नव्हतं. मग मूठ खाली आली, गळ्याशी गेली आणि तिथेच राहिली. गाणं पुढे सुरू झालं होतं. मी ते बंद केलं.

आई आली ती फाटकातच शेजारणीला भेटून. तिकडची सून तिला म्हणाली होती, "काकू, काकांचा आवाज आला आज! बरं झालं बाई, चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं." आई आत आली, पिशवी टेबलावर ठेवली, खुर्चीवर बसली. मी बोलणी खायची तयारी करून उभी होते. काकांनी तर चप्पल घातलीच होती.

"काय बोलले?" तिनं विचारलं.

"विजय असो," मी म्हणाले.

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "बाळंतपणात मी आत ओरडत होते आणि हा माणूस बाहेर दवाखान्याच्या आयांची मीटिंग घेत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग तिचा आवाज बदलला. "दुखतंय का हो?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ह्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आम्हाला कळेना.

दवाखान्यात फोन केला. दुखत नसेल, रक्त पडत नसेल तर ठरलेल्या दिवशीच या, तोवर मौन कडक पाळा, असं सांगितलं. ठरलेला दिवस यायला अजून अवकाश होता. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती एक घोषणा मी डोक्यात पुन्हा पुन्हा लावायची. तीन आवाजांतला काकांचा जाड बाजूला काढायचा, माझा काढायचा, मग तिसरा कसा होता? फाटला होता का? खडखडला होता? दर वेळी तो मला वेगळा ऐकू यायचा. शेवटी काकांना फोन केला.

"काका, तुम्हाला बाबांचा आवाज कसा वाटला?"

"ताई, म्या घोषणा देत होतो. घोषणा देताना दुसऱ्याचं ऐकू येतं व्हय?"

अल्बम मी लावत नव्हते. बाबांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग लिहिलं: पोरांचा काय दोष? मी नाही म्हणाले. त्यांनी तोच कागद पुन्हा पुढे केला, नंतर पुन्हा. तेव्हा लावला, अगदी हळू. शेवटच्या गाण्याशी आल्यावर बाबांनी खिशातून रुमाल काढला, घडी करून दातांत धरला आणि मला खूण केली, चालू दे. ती मोकळी जागा आली. बाबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. रुमाल हलला नाही. जागा मोकळीच गेली. मला बघवत नव्हतं. फाटकावर उभं राहून अख्खी पाळी थांबवणारा माझा बाप कापड चावत बसला होता. आराम करा आता, पुष्कळ केलंत, असं भेटायला येणारं प्रत्येक जण सांगत होतं, आणि तसं म्हणणाऱ्या प्रत्येकाला घराबाहेर काढावंसं मला वाटत होतं. आरामाची शिफारस करणाऱ्यांना कंत्राटी पोरांच्या बाजूनं एक दिवस उभं राहायला सांगा, मग बघू.

ठरलेल्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. आईला सुट्टी मिळाली नाही. डॉक्टर मॅडमनी नाकातून बारीक नळी आत घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. पडद्यावर बाबांचा गळा आला. ओला, गुलाबी, आणि मध्ये दोन पांढरट पट्ट्या. एवढ्याशा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या दोन पट्ट्यांवर आमचं घर चाललं, संप चालले.

आधी ओरडण्याचं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "मॅडम, मध्ये एकदा..."

"एकदा काय?"

"ओरडले. एकच घोषणा."

त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "काका, आता 'ई' म्हणा. लांब. ईऽऽ."

बाबा गप्प.

"म्हणा काका. आता परवानगी आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लाठीमाराच्या वेळी मी त्यांचे डोळे पाहिलेत, पोलीस गाडीत चढवताना पाहिलेत. ही नजर तेव्हा नव्हती. पडद्यावर त्या दोन पट्ट्या उघड्या होत्या, मिटायचं नाव घेत नव्हत्या. मॅडम घाई करत नव्हत्या. मी बाबांचा हात धरला. मग पडद्यावर पट्ट्या जवळ आल्या, थरथरल्या.

"ईऽ..."

बारीक. वाफेसारखा. वरच्या पट्टीतला, कुठल्या तरी परक्या, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा.

"छान," मॅडम म्हणाल्या. "जखम चांगली भरलीय. ओरडल्यानं नुकसान झालेलं दिसत नाही, पण पुन्हा असं नाही करायचं. घोषणा बंद. बोलायचं थोडं, हळू, आणि चार माणसांपुढे बोलायचं तर माईक घेऊनच. आवाज अजून सुधारेल. पण पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही."

"हा..." बाबा म्हणाले आणि स्वतःच दचकून थांबले. मग पुन्हा, "हा माझा आहे?"

"तुमचाच, काका."

बाहेर आल्यावर मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं, येताना दूध आण. बाबा मागे बसले. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो तर मला पाठीवर त्यांचा श्वास लागला, ते काही तरी म्हणत होते. ऐकू येईना. डाव्या बाजूला बस, उजवीकडे टेम्पो. मी मान मागे केली, तरी नाही. शेवटी मी स्कूटर बंद केली.

"काय बाबा?"

"त्या पोरांचा दुसरा आला का?"

"आलाय म्हणे. मी ऐकला नाही अजून. मैत्रीण सांगत होती."

"गाणाऱ्याचा आवाज तसाच आहे?"

मला खोटं सांगता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "बदललाय म्हणाली. पट्टी खाली आणलीय त्यानं."

सिग्नल सुटला. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, "ओ ताई, घरी जाऊन गप्पा मारा की!" मी स्टार्टर मारत होते, गाडी सुरू होत नव्हती. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"पत्रक लिही तू," ते म्हणाले. "वाचायचं पण तूच."